संगणकाचा गाभा आणि दोष शोधण्याची शिस्त



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी योजले जाते, ते गणिताचे शिक्षक होते. चुकलेल्या उदाहरणावर ते नुसती फुली मारीत नसत, तर उदाहरण कोणत्या पायरीवर चुकले हे विद्यार्थ्यालाच शोधावयास लावीत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. म्हणूनच दोष शोधण्याची शिस्त हा विषय मी निवडला. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते संगणकाचे: आपल्या गरजेप्रमाणे संगणकाचा गाभा, म्हणजे कर्नल, स्वतः तयार करताना ज्या अडचणी येतात त्यांचे. विषय तांत्रिक आहे याची मला जाणीव आहे. परंतु डिंडोलीत तो कोणाला अगदीच परका वाटू नये. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेल्या ज्या कुटुंबांनी हा परिसर वसविला, त्यांतील कित्येकांचे आयुष्य यंत्रमागासमोर गेले आहे. यंत्र बंद पडले की ते का बंद पडले हे शोधल्यावाचून त्यांची पाळी पुढे सरकत नाही.

गाभा म्हणजे काय?

संगणकाचे दोन भाग सर्वांना ठाऊक असतात: डोळ्यांना दिसणारी यंत्रसामग्री आणि पडद्यावर चालणारे कार्यक्रम. या दोहोंच्या मध्ये उभा असतो तो गाभा. पत्र टंकलिखित करणाऱ्या कार्यक्रमाला कळफलकावर कोणती कळ दाबली हे स्वतःहून समजत नाही. ते त्याला गाभा सांगतो. स्मृतीतील जागा कोणाला किती द्यावयाची, प्रक्रियकाचा वेळ कोणाला केव्हा द्यावयाचा, तबकडीवर मजकूर कोठे लिहावयाचा, याचा निवाडा गाभाच करतो.

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण हौसेखातर असा एक गाभा लिहीत असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या पहिल्या आवृत्तीत सुमारे दहा हजार ओळी होत्या. १९९२ मध्ये तो जीपीएल या परवान्याखाली आला. त्यामुळे त्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि बदललेली दुसऱ्यास देता येते. हाच लिनक्स. २०२५ च्या आरंभी त्याच्या आज्ञावलीने चार कोटी ओळींचा टप्पा ओलांडला. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनमध्ये हाच गाभा आहे. जगातील सर्वांत वेगवान पाचशे संगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालतो. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकचा परम सिद्धी-एआय हा संगणक नोव्हेंबर २०२० च्या त्या यादीत ६३ व्या स्थानी होता.

स्वतःचा गाभा कशासाठी?

बहुतेकांना गाभा स्वतः तयार करण्याची गरज पडत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. वितरक जो तयार गाभा देतात तो सर्वसाधारण उपयोगाला पुरतो. परंतु काही प्रसंगी तो पुरत नाही. नव्या यंत्राचा एखादा भाग तयार गाभ्याला ओळखता येत नाही, जुन्या संगणकाची स्मृती तोकडी पडते, किंवा हाती आलेले यंत्र ज्या कामासाठी बनले त्याहून वेगळे काम त्याच्याकडून करून घ्यावयाचे असते.

या शेवटच्या प्रकाराचे उदाहरण आपल्या जवळचेच आहे. विद्यार्थ्यांना स्वस्तात मिळावी म्हणून केंद्र सरकारने पुरस्कारलेल्या ‘आकाश’ टॅब्लेटची दुसरी आवृत्ती ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते प्रकाशित झाली. त्या प्रकल्पाचे काम मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली चालले होते. टॅब्लेट अँड्रॉइडवर चालत असे, त्याची स्मृती अवघी ५१२ एमबी आणि प्रक्रियक एआरएम जातीचा होता. विद्यार्थ्यांना त्यावर प्रोग्रॅम लिहिता यावेत, शास्त्रीय गणिते करता यावीत, यासाठी पूर्ण ग्नू-लिनक्स प्रणाली त्यावर उतरविण्याचा उपक्रम आयआयटीतच झाला. अशा कामात गाभा त्या यंत्राकरिता वेगळा तयार करावा लागतो. शिवाय तो त्या लहानग्या टॅब्लेटवर तयार न करता मोठ्या संगणकावर तयार करून मग टॅब्लेटवर न्यावा लागतो. यास क्रॉस-कंपाईल करणे म्हणतात. येथे पहिली अडचण भाषेचीच असते. मोठ्या संगणकाचा प्रक्रियक एक यंत्रभाषा समजतो आणि टॅब्लेटचा दुसरी. कोणत्या जातीच्या प्रक्रियकासाठी संकलन करावयाचे हे आज्ञेत स्पष्ट लिहिले नाही, तर संकलन बिनबोभाट पूर्ण होते. मात्र तयार झालेला गाभा टॅब्लेटला अक्षरओळख नसलेल्या ग्रंथासारखा ठरतो.

कामाच्या पाच पायऱ्या

दोष शोधावयाचा तर आधी काम किती पायऱ्यांचे आहे हे ठाऊक हवे. पहिली पायरी, मूळ आज्ञावली मिळविणे. दुसरी, आपल्याला काय हवे आणि काय नको याची निवड करणे, म्हणजे कॉन्फिगरेशन. तिसरी, मानवी अक्षरांत लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणे, म्हणजे कंपाईल. चौथी, तयार झालेला गाभा व त्याची मॉड्यूल्स योग्य जागी बसविणे. पाचवी, संगणक पुन्हा सुरू करून तो नव्या गाभ्यावर उभा राहतो की नाही हे पाहणे. कोणतीही अडचण आली की पहिला प्रश्न हाच विचारावा, की आपण कोणत्या पायरीवर आहोत? तिसऱ्या पायरीवर दिसलेल्या दोषाचे मूळ पुष्कळदा दुसऱ्या पायरीत असते आणि पाचव्या पायरीवरील दोषाचे मूळ चौथीत.

निवडीच्या पायरीवर दहा हजारांहून अधिक पर्याय समोर येतात. प्रत्येकास बहुधा तीनपैकी एक उत्तर द्यावयाचे असते: हा भाग गाभ्यातच घालावा, गरजेपुरता जोडता येईल असे मॉड्यूल करावे, किंवा मुळीच नको. ही प्रश्नपत्रिका कोऱ्या कागदावर सोडवू नये. सध्या जो गाभा सुरळीत चालू आहे त्याची निवडपत्रिका ‘बूट’ या विभागात ठेवलेली असते. तिची प्रत घेऊन ‘मेक ओल्डकॉन्फिग’ ही आज्ञा दिली म्हणजे केवळ नव्याने आलेले प्रश्न विचारले जातात. ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ ही आज्ञा याहूनही पुढे जाते. त्या क्षणी वापरात असलेली मॉड्यूल्स तेवढी ठेवून बाकीची ती गाळून टाकते. त्यामुळे तासांचे काम मिनिटांवर येते. मात्र त्या क्षणी जोडलेला नसलेला प्रिंटर किंवा पेन ड्राइव्ह नव्या गाभ्याला ओळखू येणार नाही. म्हणून ही आज्ञा देण्यापूर्वी लागणारी सर्व उपकरणे एकदा जोडून घ्यावीत.

पहिला दोष शोधा, शेवटचा नव्हे

संकलन सुरू झाले की पडद्यावर ओळींचा ओघ सुरू होतो आणि कधी कधी तो मध्येच थांबतो. शेवटच्या ओळीत एवढेच लिहिलेले असते की दोष आला म्हणून काम थांबविले. नवशिका माणूस ती शेवटची ओळ घेऊन मदत मागावयास निघतो. परंतु त्या ओळीत माहिती काहीच नसते. कारण वर, पहिल्या दोषाच्या ओळीत असते. यंत्रमागावरील कापडात उभी फट दिसली तर जाणता कारागीर ती नजरेस पडली त्या जागी थांबत नाही. ती जेथून सुरू झाली तेथपर्यंत कापड मागे पाहत जातो, कारण धागा तेथे तुटलेला असतो. येथेही तसेच करावे. संगणक एकाच वेळी अनेक फायलींचे संकलन करीत असेल तर त्यांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि पहिला दोष हाती लागत नाही. अशा वेळी तीच आज्ञा एका वेळी एकच काम करण्याच्या सूचनेसह पुन्हा द्यावी. काम सावकाश होते, पण दोष उघडा पडतो.

हा पहिला दोष बहुधा साध्या जातीचा असतो. फ्लेक्स, बायसन, बीसी यांसारखे एखादे साहाय्यक साधन संगणकावर बसविलेलेच नसते. कधी साधन असते, पण ओपनएसएसएल किंवा लिबएल्फ या ग्रंथालयांच्या शीर्षफायली नसतात. त्या डेबियन कुळातील प्रणालींत ‘डेव्ह’ असे शेपूट असलेल्या वेगळ्या पुडक्यात येतात. ‘अमुक फाइल सापडली नाही’ या संदेशाचा अर्थ आज्ञावली सदोष आहे असा नसून आपली हत्यारांची पेटी अपुरी आहे असा असतो.

वितरकाची निवडपत्रिका उसनी घेतली असता आणखी एक अडचण हमखास येते. वितरक आपला गाभा स्वतःच्या प्रमाणपत्राने मुद्रांकित करतो. त्या प्रमाणपत्राच्या फाइलचे नाव निवडपत्रिकेत असते. फाइल मात्र त्याच्या घरी असते. संकलन तेथे येऊन अडते आणि ‘ही फाइल बनविण्याचा नियम ठाऊक नाही’ अशा अर्थाचा संदेश देते. विश्वसनीय किल्ल्यांच्या त्या पर्यायातील नाव पुसून टाकले की वाट मोकळी होते. दुसऱ्याच्या वहीतून उत्तर उतरविताना त्याच्या घरचा पत्ताही उतरविला गेला, एवढाच तो प्रकार.

कधी दोष काळाच्या अंतराचा असतो. आज्ञावली जुनी आणि संकलक नवा, किंवा याच्या उलट. २०२० मध्ये जीसीसी या संकलकाची दहावी आवृत्ती आली. एकच नाव दोन ठिकाणी घोषित केलेले तोवर चालत असे, ते या आवृत्तीपासून चालेनासे झाले आणि त्यापूर्वीचे कित्येक गाभे तिच्यावर अडले. २०२५ मध्ये पंधराव्या आवृत्तीने सी भाषेचे नवे प्रमाण मूळ धरले. त्यात ‘बूल’, ‘ट्रू’, ‘फॉल्स’ हे भाषेचे राखीव शब्द झाले आणि जुन्या गाभ्यांत पुन्हा तसेच घडले. आज्ञावलीचे अक्षरही बदलले नव्हते; तिला वाचणाऱ्याचे व्याकरण बदलले होते. अशा वेळी आज्ञावलीच्या वयाला साजेसा संकलक वापरावा, किंवा त्या गाभ्याची दुरुस्त आवृत्ती घ्यावी.

एकाच जागी की वेगवेगळ्या?

आता मी एक कसोटी सांगतो, ती संगणकाबाहेरही उपयोगी पडेल. तेच संकलन, काही न बदलता, पुन्हा करावे. दोष पुन्हा त्याच फाइलीत, त्याच ओळीवर आला तर कारण आज्ञावलीत, निवडीत किंवा साधनांत आहे. दर वेळी वेगळ्या जागी आला तर संशयाची सुई यंत्राकडे वळवावी. गाभ्याचे संकलन प्रक्रियक आणि स्मृती या दोहोंना दीर्घकाळ पूर्ण ताणावर ठेवते. रोजच्या वापरात लपून राहिलेला स्मृतीचा दोष या ताणाखाली बाहेर येतो. १९९० च्या दशकात ‘सिग्नल ११’ या संदेशाने संकलन थांबले की जाणकार आधी स्मृतीच्या पट्ट्या तपासावयास सांगत, ते याच अनुभवावरून. आजही मेमटेस्ट हा कार्यक्रम रात्रभर चालवून स्मृती तपासता येते.

आपल्या भागात याला उष्णता आणि तंतूंची धूळ यांची जोड मिळते. जेथे शेजारच्या खोलीत माग चालू आहेत तेथे कापडाची बारीक लव संगणकाच्या पंख्यात साचणारच. पंखा गुदमरला की प्रक्रियक तापतो आणि तापलेला प्रक्रियक स्वतःचा वेग तरी कमी करतो किंवा यंत्र बंद तरी पाडतो. अशा ठिकाणी आज्ञावलीची एकही ओळ न वाचता, यंत्र बंद करून मऊ ब्रशाने पंखा स्वच्छ करणे हाच पहिला उपाय.

आणखी दोन कारणे याच घरची. ‘किल्ड’ एवढाच शब्द उमटून संकलन मेले, तर बहुधा स्मृती संपल्याने चालू गाभ्यानेच त्या कामाचा बळी दिलेला असतो; एका वेळी चालणारी कामे कमी करावीत. तबकडी भरली तरी संकलन थांबते. दोषशोधनाची माहिती जपून ठेवणारा पर्याय चालू असेल, तर संकलनास वीस-पंचवीस जीबी जागाही लागू शकते. आपल्याला ती माहिती नको असेल तर तो पर्याय बंद करावा.

संकलन झाले, पण संगणक उभा राहीना

सर्वांत खट्टू करणारा प्रसंग तो हाच. सर्व पायऱ्या निर्विघ्न पार पडल्या, संगणक पुन्हा सुरू केला आणि मूळ फाइल-व्यवस्था जोडता येत नाही असे सांगून गाभ्याने ‘पॅनिक’ जाहीर केले. तो संदेश वाचताना घाई करू नये, कारण त्यात खूण दडलेली असते. शेवटी कंसात शून्य, शून्य असे आकडे असतील, तर बहुधा गाभ्याला तबकडीच दिसलेली नाही. तिचा ड्रायव्हर गाभ्यात नाही, किंवा प्रारंभीची तात्पुरती फाइल-व्यवस्था, जिला इनिटरामएफएस म्हणतात, ती तयार झालेली नाही. आकडे शून्याहून वेगळे असतील, तर तबकडी दिसली आहे पण तिच्यावरील मांडणी वाचता येत नाही. फाइल-व्यवस्थेचा पर्याय राहून गेला आहे.

यामागील कोडे विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगे आहे. तबकडीचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून तबकडीवर ठेवला, आणि तबकडी वाचण्यास तोच ड्रायव्हर हवा. पेटीची किल्ली पेटीत ठेवून पेटी बंद केली! इनिटरामएफएस म्हणजे पेटीबाहेर ठेवलेली दुसरी किल्ली होय.

काही नव्या संगणकांत सिक्युअर बूट ही राखण असते. ज्या गाभ्यावर मान्य मुद्रा नाही त्याला ती आत येऊ देत नाही. तेव्हा गाभ्यात दोष शोधत बसू नये. आपली मुद्रा त्या यंत्रात नोंदवावी, किंवा यंत्र आपल्या मालकीचे असल्यास परिणाम समजून ती राखण बंद करावी.

या सर्वांवर एकच विमा आहे. जुना, चालू असलेला गाभा कधीही काढून टाकू नये. नव्या गाभ्याला वेगळे नाव द्यावे आणि प्रारंभीच्या यादीत दोन्ही ठेवावेत. नवा उभा राहिला नाही तर जुन्यावर परत येता येते. ज्याला परतीची वाट आहे तोच निर्भयपणे प्रयोग करू शकतो.

निम्म्या-निम्म्याने शोध

समजा, गेल्या आवृत्तीत चालणारा ध्वनी नव्या आवृत्तीत बंद झाला. दोन आवृत्त्यांच्या मध्ये बारा ते पंधरा हजार बदल झालेले असतात. एकेक तपासावयाचा तर वर्ष पुरणार नाही. टोरवाल्ड्स यांनीच २००५ मध्ये आरंभिलेल्या गिट या साधनात ‘बायसेक्ट’ नावाची आज्ञा आहे. ती मधोमध असलेला बदल निवडते. त्या स्थितीचा गाभा तयार करून आपण पाहावयाचे: ध्वनी येतो की नाही? येत असेल तर दोष पुढच्या निम्म्यात, नसेल तर मागच्या. दर फेरीला संख्या निम्मी होते. दोनाचा चौदावा घात १६,३८४ होतो, म्हणजे चौदा फेऱ्यांत नेमका बदल हाती येतो. आठवीच्या वर्गात शिकविलेले घातांक येथे असे उपयोगी पडतात.

मात्र या रीतीला प्रामाणिकपणाची अट आहे. एका फेरीत जरी अंदाजाने उत्तर दिले तरी शोध चुकीच्या निम्म्यात जातो आणि पुढील सर्व श्रम वाया जातात. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले, काय घडले हे वहीत लिहावे. मदत मागताना संदेश जसाच्या तसा, आवृत्तीच्या क्रमांकासह द्यावा. ‘चालत नाही’ एवढेच सांगणाऱ्याला जगातील सर्वांत मोठा तज्ज्ञही साहाय्य करू शकत नाही.

आपल्यासाठी याचा अर्थ

आता मी मूळ प्रश्नाकडे येतो. डिंडोलीतील मराठी माध्यमाच्या मुलाने हे कशासाठी शिकावे? या मुलाच्या घरात अहिराणी, वर्गात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि गुजराती. एवढ्या भाषांत लीलया वावरणारा हा मुलगा संगणकाच्या पडद्यावर इंग्रजीत दोषाचा संदेश आला की मात्र गांगरतो आणि तो न वाचताच खिडकी बंद करतो. मग कोणीतरी येऊन सर्व पुसून नवे बसवून देतो, पैसे घेतो आणि जातो. यंत्र चालू होते, पण ते का बंद पडले हे त्या घरात कोणालाही कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा तेच. हळूहळू मुलाच्या मनात ठसते की हे आपले काम नव्हे, ते शहाण्यांचे काम. ही समजूत संगणकापुरती राहत नाही. ती सरकारी अर्जापर्यंत, औषधाच्या चिठ्ठीपर्यंत, नोकरीच्या करारापर्यंत जाते. माझ्या मते खरे नुकसान हे आहे.

याउलट, ज्याने एकदा तो इंग्रजी संदेश शब्दकोश घेऊन वाचला, कारण शोधले आणि यंत्र उभे केले, त्याची भीती मोडते. या संदेशांचे इंग्रजी शेक्सपिअरचे नसते. शे-दोनशे शब्दांचा तो व्यवहार असतो. शिवाय या कामास महागडे यंत्र लागत नाही. विंडोज १० ची नियमित विनामूल्य देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि पुढील आवृत्तीच्या अटींत न बसणारे कितीतरी संगणक कचऱ्यात निघाले. त्यांतील पुष्कळ यंत्रे लिनक्सवर अजून चांगली चालतात. शाळेने अशी दोन यंत्रे केवळ प्रयोगासाठी राखून ठेवावीत, ती बिघडली तरी कोणाला बोल लावू नये, अशी माझी संस्थेच्या चालकांस विनंती आहे.

आणखी एक विनंती विद्यार्थ्यांना आहे. गाभ्याच्या आज्ञावलीसोबत तिची मार्गदर्शक कागदपत्रेही येतात. त्यांची काही भाषांतरे चिनी, जपानी, कोरियन, इटालियन आणि स्पॅनिश भाषांत त्याच भांडारात ठेवलेली आहेत. मराठीचे दालन तेथे नाही. ते उघडण्यास कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. काम नीट करून पाठवावे लागते आणि तपासणीत टिकावे लागते. आरंभ लहान ठेवा. या वर्षी तुमच्यासमोर जे दोषांचे संदेश येतील ते प्रयोगशाळेतील एका वहीत उतरवा; समोर त्यांचा मराठी अर्थ, कारण आणि सापडलेला उपाय लिहा. पुढच्या वर्गाला ती वही मिळेल आणि पहिल्याने शोधलेले दुसऱ्याला पुन्हा शोधावे लागणार नाही. गाभा असाच वाढला. एकाने लिहिले, दुसऱ्याने तपासले, तिसऱ्याने सुधारले.

ती वही सुरू झाली की तिचे पहिले पान पाहावयास मला अवश्य बोलवावे.